शेवटच्या नळाचं पाणी

अंगणवाडीच्या संडासाला कुलूप होतं. चावी मदतनीस बाईच्या कमरेला, आणि बाई शेतात गेलेली. लसीकरणाचा दिवस होता. अंगणात पंधरा-वीस बायका लेकरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी गावची आशाताई, म्हणजे नावं पुकारणं, कार्डं बघणं, रडणारी लेकरं धरणं हे सगळं माझ्याकडं. पोटात कळ आली तेव्हा वाटलं, दोन मिनिटं दम धरता येईल. आला नाही. कुलपाला हात लावून उभी होते तशीच माझी साडी भरली.

कुणी हसलं नाही. एकीनं पदर नाकाला लावला आणि लेकरू घेऊन थोडी सरकून बसली. सिस्टर हळूच म्हणाल्या, "छायाताई, तुम्ही घरी जा. मी बघते." भर दुपारी सगळ्या गावातून, मागं पिशवी धरून, मी घरी गेले. तेव्हा मी सदतीस वर्षांची होते. बाळंतपण सोडलं तर अंथरुणाला कधी पाठ टेकली नव्हती.

हे मी कीव यावी म्हणून सांगत नाही. मला राग आहे. पोट बरं होऊन वर्ष होत आलं, राग अजून आहे.

खव्याच्या घरात

आमचं गाव भूम तालुक्यात, ईटच्या पलीकडं. नाव सांगत नाही. सांगितलं तर गावातली माणसं माझ्या दारात येतील, आणि आधीच पुरेशी येऊन गेली आहेत. ह्या भागात घरोघरी जनावरं आणि गावोगावी खव्याच्या भट्ट्या. आमचीही आहे. माझे मालक, दत्ता, पहाटे भट्टी पेटवतात. मोठ्या कढईत दूध आटत राहतं आणि सगळ्या घराला त्याचा वास येतो. लग्न होऊन आले तेव्हा तो वास मला फार आवडायचा.

रब्बीच्या ज्वारीची पेरणी चालू होती तेव्हा दुखणं सुरू झालं. दिवसातून पाच-सहा वेळा पातळ. रक्त नाही, ताप नाही. पोट तट्ट फुगायचं आणि ढेकर असे यायचे की माझे मलाच सहन व्हायचे नाहीत, सडलेल्या अंड्यासारखे. मी लोकांना सांगते तेच स्वतःला सांगितलं: ओआरएस पी, आराम कर, होईल कमी. आठवड्यात कमी झालंही. दोन दिवस चांगले गेले, भूक लागली, मी दुधात भाकरी चुरून खाल्ली. तिसऱ्या दिवशी परत सगळं सुरू. असं तीनदा झालं. मधल्या त्या बऱ्या दिवसांनीच मला फसवलं.

अंगणवाडीतला प्रकार झाला त्या दिवशी दत्तांनी मला भट्टीच्या मागं बोलावलं.

"छाया, बाहेर कुणाला सांगू नको. पित्त झालंय म्हण."

"सगळ्यांनी बघितलं, अहो. कशाचं पित्त?"

"खव्याच्या घरात हगवण म्हणल्यावर माल कोण उचलंल? तूच सांग."

ते खोटं बोलत नव्हते, म्हणून मला जास्त राग आला. मी तोंड बंद ठेवलं. बाहेर पित्त, आत संडास.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी दुसऱ्या दिवसापासून माझं ताट-तांब्या वेगळा केला. "लोकांच्या घरोघरी हिंडतीस. कुठून काय आणलंस कुणाला ठावं," त्या म्हणाल्या. ताट वेगळं करण्यात तसं वावगं काही नव्हतं, हे मला आज कळतं. पण ते ताट त्या हातानं द्यायच्या नाहीत. पायानं पुढं सरकवायच्या.

सगळं नॉर्मल

तालुक्याच्या गावी एक डॉक्टर आहेत, गर्दी असते. मी तीन वेळा गेले. पहिल्यांदा त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय करता?"

"आशा आहे."

"मग टेन्शन असणारच."

गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्यांदा सलाईन लावलं. बाटली संपेपर्यंत मी दोनदा सुई हातात तशीच ठेवून संडासात जाऊन आले. तिसऱ्यांदा रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, आणि मी समोर बसलेली असताना त्यांनी दत्तांना विचारलं, "घरात काही वाद वगैरे आहेत का?"

दत्ता म्हणाले, "तसं काय न्हाय."

"रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. मनावर घेतात बायका."

बाहेर आल्यावर दत्तांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आत्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "बघ, काय बी न्हाय तुला." सगळ्यांना बरं वाटलं. तोवर माझं नऊ किलो वजन उतरलं होतं. ब्लाऊज अंगात राहत नव्हता. गल्लीतून गृहभेटी करताना कुठल्या घरी संडास आहे, कुठल्या घरचं दार उघडं असतं, ह्याचा नकाशा माझ्या डोक्यात तयार झाला होता. रात्री अंथरुणात एकच विचार यायचा: पोटात गाठ असेल, कॅन्सर असेल, आणि हे लोक मला टेन्शन टेन्शन म्हणत मसणात पोचवतील.

मला त्यातून माझ्या लेकीनं बाहेर काढलं. श्रुती दहावीत आहे. तोंडानं फटकळ, माझ्यावर गेली आहे. एका रविवारी ती माझ्या ट्रेनिंगचं पुस्तक घेऊन समोर बसली.

"आई, हे कुणी वाचलंय?"

"मी. तीनदा ट्रेनिंग झालंय त्याचं."

"मग हे वाच. जुलाब चौदा दिवसांपेक्षा जास्त चालले तर रुग्णाला पुढं पाठवा." तिनं पुस्तक मिटलं. "तू किती जणांना पाठवलंस पुढं? आणि स्वतःला का नाही पाठवलंस? दोन महिने झाले."

सोमवारी आम्ही दोघी बार्शीला गेलो. दत्तांना मी विचारलं नाही, सांगितलं.

तांबोळी चाचा

बार्शीच्या डॉक्टर बाईंनी पाच-सात प्रश्न विचारले, पोट दाबून बघितलं, आणि मग सगळ्या रिपोर्टांची फाईल उलटी-सुलटी करून म्हणाल्या, "ह्यात संडासाची तपासणी कुठाय?"

"ती नाही केली."

"दोन महिने जुलाब होतायत आणि जुलाब कुणी तपासलेच नाहीत?"

त्यांचा आवाज चढला. माझ्यासाठी कुणी चिडलेलं मी दोन महिन्यांत पहिल्यांदा बघितलं आणि मला रडू आलं.

लॅब खाली तळमजल्यावर होती. तिथं तांबोळी चाचा, साठीच्या पुढचे, चष्मा कपाळावर. पहिल्या दिवशी त्यांना काही दिसलं नाही. मी म्हणाले, "बघा, ह्यातही नॉर्मलच."

"नॉर्मल नहीं बोला मैं," ते म्हणाले. "दिसलं न्हाय, एवढंच बोललो. ही चीज रोज बाहेर येत न्हाय, बेटी. अजून दोन खेपा कर. पण ताजं पायजे, इथंच दे."

दुसऱ्या खेपेलाही काही नाही. एसटीत पोट धरून पुन्हा परत. तिसऱ्या खेपेला मी चिडूनच गेले होते. लॅबच्या संडासात डबी भरली, चाचांच्या हातात दिली आणि बाकावर बसून राहिले. थोड्या वेळानं आतून हाक आली.

"बेटी, इधर आ. ये, बघ."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी सगळं धुरकट होतं. मग चाचांनी एक चकती फिरवली आणि एक थेंबाच्या आकाराचं काहीतरी वाळकं पान पडावं तसं हेलकावत पुढं आलं. त्याला चेहरा होता. खरंच, दोन मोठे डोळे. ते डोळे नसतात, हे मला नंतर डॉक्टर बाईंनी सांगितलं. पण त्या घडीला तो जीव माझ्याकडं बघत होता.

"जिआर्डिया," चाचा म्हणाले. "आतड्याला चिकटून बसतो. पाण्यातनं येतो बहुत करके."

मी हसायला लागले. श्रुती घाबरली. मी तिला म्हणाले, "बघ, तुझ्या आईच्या टेन्शनला डोळे आहेत."

डॉक्टर बाईंनी गोळ्या दिल्या. घरातल्या सगळ्यांना तपासायला सांगितलं, काही महिने दूध बंद केलं. मग म्हणाल्या, "पाणी कुठलं पिता?"

"नळाचं. पण मी थेंब टाकते, मॅडम. क्लोरीनचे. सगळ्या गावाला मीच वाटते."

"थेंबांनी बाकी बरंच मरतं. ह्याचं कवच टणक असतं. पाणी खळखळ उकळून घ्यायचं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या नळाच्या पाण्याची तपासणी होते ना? रिपोर्ट कसा असतो?"

"पिण्यास योग्य," मी म्हणाले.

तो रिपोर्ट कसा यायचा हे जगात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातली एक मी होते.

माझं अक्षर

दर महिन्याला पाण्याचा नमुना तालुक्याला जातो. भरायचं काम भानुदासचं, तो गावाला पाणी सोडतो. त्याला लिहिता येत नाही, म्हणून बाटलीवरची चिठ्ठी मी लिहायची. नमुना खालच्या गल्लीच्या शेवटच्या नळाचा घ्यायचा असतो, कारण पाणी सगळीकडून फिरून तिथं पोचतं. पण त्या नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नसतो. थांबावं लागतं. म्हणून भानुदास टाकीखालच्या तोटीला बाटली लावायचा, जिथं नुकतीच जंतू मारायची पावडर टाकलेली असते, आणि मी चिठ्ठीवर लिहायचे: खालची गल्ली, शेवटचा नळ. किती महिने? मोजले नाहीत. सवय झाली होती.

आमचं घर त्याच लाइनीवर आहे, शेवटच्या नळाच्या दोन घरं अलीकडं. मी खोटी चिठ्ठी लिहून घरी यायचे आणि त्याच नळाचं पाणी तांब्याभर प्यायचे.

बार्शीहून आले त्या संध्याकाळी मी भानुदासला घेऊन लाइन बघायला गेले. खालच्या गल्लीच्या तोंडाशी पाइप गटारातून जातो. तिथं एक जोड होता, सायकलच्या ट्यूबनं गुंडाळलेला. वर काळं पाणी, शेण, शेजारच्या संडासाचा पाझर. नळ बंद झाला की पाइप रिकामा होतो आणि हेच सगळं आत ओढून घेतो, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"हे कधीपास्नं हाय?"

"तीन वर्षं झाली, ताई. म्याच बांधलंय. सरपंचाला सांगितलं हुतं म्या."

गोळ्यांनी तोंडाला लोखंडाची चव आली होती. पाणी पिलं तरी लोखंड, भाकरी खाल्ली तरी लोखंड. पण चौथ्या दिवशी मी सकाळपासून दुपारपर्यंत संडासात गेले नाही. आत्यांच्या तपासणीतही तोच जीव निघाला. गोळ्या दिल्या, त्या त्यांनी गिळल्या. मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मला बी हुतंय दोन म्हैनं. पर माझं वय हाय, म्हणून बोलले न्हाय." म्हणजे मला पायानं ताट सरकवणारी बाई स्वतः माझ्यामागून संडासात जात होती. मला त्यांना खूप बोलायचं होतं. त्याऐवजी मी चुलीवर पाणी उकळायला ठेवलं. त्या दिवसापासून आम्ही एकाच तांब्यातून उकळलेलं पाणी प्यायला लागलो.

दत्तांशी मात्र भांडण झालं.

"झालीस ना बरी? मग मिटलं," ते म्हणाले. "आता पाइपाचं काढशील तर चिठ्ठीचं बी निघंल. अक्षर तुझं हाय. आणि भट्टीचं काय?"

"दूध उकळतंय तुमचं तासन्‌तास. त्यात काय राहतंय?"

"हे तू गिऱ्हाइकाला सांगत बसणार हायेस?"

"बसंन."

ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मी सरपंचांच्या गोठ्यावर गेले. ते म्हैस धूत होते. पाइपाचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "ताई, रिपोर्ट तर योग्य हाय. आणि बाटलीवर अक्षर तुमचंच हाय ना?"

हा माणूस मला ओळखून होता. घाबरवायला आवाज चढवावा लागत नाही हे त्याला ठाऊक होतं.

"व्हय, माझंच," मी म्हणाले. "खोटं लिहिलं मी. तसं लेखी देते आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना."

"काम जाईल तुमचं."

"जाऊ द्या."

गोठ्यातून बाहेर पडले तेव्हा शौर्य वगैरे काही वाटलं नाही.

मीराचं दार

डॉक्टरांना कागद देण्याआधी मला एका घरी जायचं होतं. शेवटचा नळ ज्यांच्या दारात आहे त्या घरी मीरा राहते. मजुरीला जाते. तिची परी तेव्हा चार वर्षांची होती. पोट पुढं आलेलं, दंड काडीसारखे. खेळायची नाही, भिंतीला टेकून बसायची. मीरा दर भेटीत सांगायची, "ताई, हिचं पोट थांबतच न्हाय." आणि मी दर भेटीत काय केलं? मीराची नखं बघितली. हात धुवत जा म्हणून दरडावलं. वहीत लिहिलं: आईचं लक्ष नाही.

मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पाइप, जोड, बाटली, चिठ्ठी. मीरा कणीक मळत होती. हात थांबले, पण ती उठली नाही.

"म्हंजे माझ्या नळाचं पाणी कुणी कधी तपासलंच न्हाय?"

"नाही."

"आन् कागदावर माझ्या नळाचं नाव?"

"हो. मी लिहायचे."

तिनं बोटांची कणीक परातीत झाडली. मग म्हणाली, "माझी लेक वाळत हुती, तवा तुमी माझी नखं बघत हुता."

मी चुकले म्हणाले. ती म्हणाली, "चुकला न्हाय. चुकणारं माणूस एकदा चुकतं."

दुसऱ्या दिवशी ती परीला घेऊन बार्शीला जायला तयार झाली, पण एसटीत माझ्या शेजारी बसली नाही. तांबोळी चाचांना परीच्या पहिल्याच नमुन्यात तोच जीव सापडला. त्यांनी मीराला बघायला बोलावलं. तिनं बघितलं, डोळा काढला, आणि चाचांना विचारलं, "हे माझ्या नखांतनं आलं का?"

"पाण्यातनं, बेटी," चाचा म्हणाले. "पाण्यातनं."

मीरानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

पुढं काय झालं ते थोडक्यात. मी कागद दिला. चौकशी झाली, मला लेखी ताकीद मिळाली, काम गेलं नाही. नमुना खऱ्या नळाचा गेला आणि रिपोर्ट आला: पिण्यास अयोग्य. सरपंचांच्या माणसांनी गावभर सांगितलं की आशाताईनं गावाची बदनामी केली. खव्याची दोन गिऱ्हाइकं तुटली. एकजण माझ्या दारात येऊन म्हणाला की हगवण माझ्यामुळंच पसरली. पाइप बदलायला महिना लागला, आणि तोही खालच्या गल्लीतल्या लोकांनी स्वतः खणून दिल्यावर. दत्ता खणायच्या दिवशी कुणी न सांगता फावडं घेऊन गेले. संध्याकाळी चिखलाचे पाय धूत म्हणाले, "लई घाण हुती आत."

आता तुमच्यासाठी, ज्यांना हे चालू आहे त्यांच्यासाठी. दोन आठवड्यांवर पोट बिघडलेलं असेल तर घरगुती उपाय पुरे करा आणि संडास तपासून घ्या. एका खेपेत जंतू सापडला नाही म्हणून तो नाहीच असं समजू नका. डॉक्टर मान वर करत नसेल तर उठा, दुसऱ्याकडं जा. धडधाकट माणसालाही हे होतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, लाज पाणी देणाऱ्यांना वाटायला हवी. मला दूध अजून नीट पचत नाही. खव्याच्या घरात राहून मी कोरा चहा पिते. पण पोट माझं आहे, मी जिथं जाते तिथं ते माझ्यासोबत येतं, मला ओढून नेत नाही. हे सुख ज्याचं गेलं असेल त्यालाच कळेल.

मागच्या महिन्यात खालच्या गल्लीत गृहभेटीला गेले होते. मागून धपधप पावलं वाजली. परी पळत येत होती, हातात चिंचेचा आकडा, गाल भरलेले. माझ्याजवळ येऊन थांबली, धापा टाकत, चिंच पुढं केली.

"परे, आत ये," मीराची हाक आली.

परीनं माझ्याकडं बघितलं, घराकडं बघितलं, आणि चिंच मुठीत धरून आली तशीच पळत परत गेली. दार लागलं. मी वहीत तिच्या नावापुढं खूण केली आणि पुढच्या घरी गेले.